माणसाबरोबर मरणारा दावा

आमच्या बाररूममध्ये शोकसभा सुरू झाली की मला एका जागी उभं राहवत नाही. अध्यक्ष दिवंगत वकिलाच्या स्वभावाबद्दल चार शब्द बोलतात, मग सगळे माना खाली घालून शांत उभे राहतात. मी मागच्या दारानं व्हरांड्यात येतो. तिथं पक्षकार बसलेले असतात. कुणी चाकूरहून आलेला, कुणी औशाहून. आज काम बंद आहे एवढंच त्यांना कळलेलं असतं. एखादा विचारतो, "साहेब, कोन वारलं?" मी सांगतो. तो मान हलवतो आणि लगेच पुढचं विचारतो, "मग आता पेशी कवा?"

पेशी म्हणजे तारीख. निजामाच्या कचेरीतला शब्द आमच्याकडं अजून टिकून आहे.

हा माणूस शोकसभेला थांबत नाही, असं माझ्या माघारी बोलतात. खरं आहे ते. मी मातीला, म्हणजे अंत्यविधीला, जातो, गाव आडबाजूला असलं तरी जातो. पण काम बंद ठेवण्याच्या ठरावावर सही करत नाही. का करत नाही हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला गेलं की एका लॅटिन क्रियापदापासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढा धीर ऐकणाऱ्याकडं नसतो.

ते क्रियापद मी पहिल्यांदा नांदेडला ऐकलं. कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. शिकवणारे सर संध्याकाळच्या वर्गाला यायचे आणि फळ्यावर एकेक लॅटिन वचन लिहून घ्यायला लावायचे. आमच्यातल्या निम्म्या पोरांना इंग्रजीच धड येत नव्हतं, तिथं लॅटिन म्हणजे मंत्र. आम्ही ते मंत्रासारखंच पाठ केलं. 'अ‍ॅक्शिओ पर्सोनॅलिस मोरिटुर कम पर्सोना.' माणसाचा स्वतःपुरता दावा माणसाबरोबरच मरतो. सरांनी उदाहरण दिलं. जमिनीचा दावा असेल आणि दावेदार वारला, तर त्याची पोरं त्याच्या जागी उभी राहतात, कारण जमीन मागं राहते. पण एखाद्याची बदनामी झाली, त्यानं दावा लावला आणि निकालाआधी तो गेला, तर पोरांना त्याच्या जागी उभं राहता येत नाही. अब्रू वारसानं मिळत नाही. दावा तिथंच संपला.

मागच्या बाकावरून एक मुखेडचा मित्र म्हणाला, "मोरीत टूर. मोरीत गेला दावा." वर्ग हसला. मीही हसलो.

त्याच वर्षी गावाकडं दुष्काळ होता. आमचं गाव अहमदपूरच्या बाजूचं, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडायचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. विहिरी आटल्या, तालुक्याहून टँकर यायला लागला. तो गावच्या मोठ्या विहिरीत खाली करायचे आणि लोक दोर-बादलीनं शेंदून न्यायचे. पहिल्याच दिवशी तिथं मारामारी झाली. मग पंचायतीनं विहिरीवर उभं राहायला एक माणूस नेमायचं ठरवलं, आणि दादांचं नाव पुढं आलं. दादा कुणाचं ऐकत नाहीत आणि कुणाला शिवी देत नाहीत, एवढंच त्यामागचं कारण. पण आमच्या घरात त्या नेमणुकीचा अर्थ वेगळा होता. माझे आजोबा त्याच विहिरीच्या कडेला रिकामी घागर घेऊन उभे राहायचे, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. आता त्यांचा मुलगा काठी घेऊन त्याच कडेवर उभा राहणार होता, आणि कुणी किती न्यायचं ते तो सांगणार होता. माय दोन दिवस सारखी उगाचच त्या बाजूनं जाऊन येत होती.

आमच्या शेताला लागून गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं शेत होतं. त्यांना सगळं गाव बापू म्हणायचं. दादा आणि ते बरोबरीच्या वयाचे, लहानपणी एका माळावर गुरं राखलेले. बापूंनी एक दिवस बैलगाडीत टिपाड, म्हणजे पत्र्याचं पिंप, घालून गडी पाठवला. जनावरांना पाणी पाहिजे म्हणाला. दादांनी टिपाड भरू दिलं नाही. "जनावराला घागर मिळंल," म्हणाले, "टिपाड न्हाई." गडी रिकामी गाडी घेऊन परत गेला आणि ते सगळ्या रांगेनं बघितलं.

त्या संध्याकाळी बापू चावडीसमोर चार माणसांत मोठ्यानं बोलले, "मला टिपाड न्हाई, आन् रोडच्या हॉटेलवाल्याला गावाचं पानी इकतो ह्यो!"

विकण्यासारखं पाणी विहिरीत नव्हतंच. पण तहानलेल्या गावात अशी गोष्ट पेटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी दादा विहिरीवर गेले तेव्हा त्यांच्या जागी दुसराच उभा होता. पोरं त्यांना 'पाणीविक्या' म्हणायला लागली.

मी नांदेडहून आलो तेव्हा दादा ओट्यावर गप्प बसले होते. माय म्हणाली, "चार मानसात म्हनला त्यो. चार मानसातच माघारी घ्यायला लावा त्येला. मी जाते, मी इचारते." दादांचीही तीच इच्छा होती. त्यांना एवढंच हवं होतं, की बापूंनी पुन्हा तिथंच उभं राहून सांगावं, मी खोटं बोललो.

मध्ये पडलो तो मी. कुणीही दादांच्या तोंडावर थुंकावं आणि ते चावडीवर एकमेकांना गूळ भरवून मिटावं, हे आता चालणार नाही, असं मी म्हणालो. आपल्याला कोर्ट आहे, घटना आहे. मायला मी चूप केलं. "तू यात पडू नको, तुला कळत नाही." तेव्हा माझं वय एकवीस-बावीस असेल. दादा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता की भीती, ते मला आजही ठरवता येत नाही. मग म्हणाले, "तू म्हनतूस तर लावू दावा."

परीक्षेत मला त्या वचनावर प्रश्न आला. मी पान भरून उत्तर लिहिलं. बदनामीचं उदाहरणही दिलं. लिहिताना एकदाही माझ्या मनात आलं नाही, की हे मी दादांबद्दल लिहितोय.

अहमदपूरच्या कोर्टात आम्ही हरलो. साक्षीदार फिरले. त्यांना मी दोष देत नाही. त्यानंतर बापूंच्या शेतातल्या विहिरीला तळाशी झरा लागला होता, आणि ज्यांनी साक्ष द्यायची तेच लोक दिवस उगवायला तिथं घागरी घेऊन जात होते. न्यायाधीशांनी लिहिलं, असे शब्द बोलले गेल्याचं सिद्ध होत नाही. आम्ही उस्मानाबादला अपील केलं. मग लातूर जिल्हा झाला.

लातूरला लोकांनी फटाके वाजवले. आम्हीही खूश झालो. उस्मानाबाद लांब पडायचं, लातूर हाताशी होतं. मी नुकती वकिलीची सनद घेतली होती. लातूरला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली लागलो आणि एक खोली भाड्यानं घेतली. पण नवा जिल्हा म्हणजे आधी नुसता फलक असतो. इमारत अपुरी, न्यायाधीश अपुरे, आणि उस्मानाबादहून ट्रकनं आलेले कागदांचे गठ्ठे कित्येक महिने भिंतीला टेकून पडलेले. दादांचं अपील त्यातच कुठंतरी होतं. मी रोज दुपारी जेवण सोडून ते गठ्ठे उलटायचो. ते गठ्ठे सांभाळणारा नाझर वैतागून म्हणायचा, "वकीलसाहेब, तुमच्या पक्षकाराची एवढी काय घाई? मरायला टेकलाय का?"

गठ्ठा सापडला तेव्हा ते खरंच झालं होतं. दादांना दम लागायला लागला, पाय सुजले. नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि हृदय मोठं झालंय म्हणाले. दादा खाटेवरून म्हणाले, "काळीज मोठं हाय माझं, एवढं लिहून द्या गावाला." डॉक्टर हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, सांभाळा, फार दिवस नाहीत.

त्या दिवसापासून मी पळत सुटलो. दुसरा शब्द नाही. सकाळी लातूरचं कोर्ट, शनिवारी नांदेडची एसटी, चाकूर, अहमदपूर, लोहा, रस्त्याच्या दोन्ही कडेला नुसती काळी उघडी रानं. दवाखान्यात दादांच्या पायथ्याशी बसलं की लातूरची पेशी आठवायची आणि कोर्टात उभं राहिलं की दादांचा श्वास ऐकू यायचा. कायदा मला पाठ होता. दोन्ही बाजूंची सुनावणी पूर्ण झाली आणि मग माणूस गेला, तर न्यायाधीशाला निकाल देता येतो. तो जणू जिवंत असतानाच दिला असं धरतात. म्हणजे निकाल लवकर लागला नाही तरी चालेल, पण युक्तिवाद संपले पाहिजेत. दादांचा जीव आणि वकिलांचं बोलणं यांची शर्यत लागली होती.

दादांना थोडं बरं वाटलं की ते पेशीला यायचा हट्ट धरायचे. बापूही यायचे. गावाहून एकच एसटी, त्यामुळं दोघं एकाच गाडीनं यायचे. एकदा मी स्टँडवर घ्यायला गेलो तर दोघं एकाच सीटवरून उतरले. मी दादांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "गर्दी हुती. मी रुमाल टाकून ठिवला व्हता त्याच्यासाठी. भांडण पेशीत हाय, एसटीत न्हाई." मग चालता चालता थांबून म्हणाले, "बापू आज काय तरी बोलनार व्हता बरं का. व्हटापतूर आलं हुतं त्याच्या. मग म्हनला, जाऊ दे, केस चालू हाय."

मी त्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. माझं डोकं पुढच्या पेशीत होतं.

अखेर अपील युक्तिवादाला लागलं. उन्हाळी सुट्टीच्या आधीचा तो शेवटचा आठवडा. माझ्या ज्येष्ठांचं बोलून झालं, आता बापूंचे वकील बोलणार होते. न्यायाधीश म्हणाले, उद्या संपवू. दादा तेव्हा नांदेडहून गावी गेले होते. त्यांना दवाखाना नको होता. मी निरोप धाडला, उद्या संपतंय.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पाऊल टाकलं तर बाररूमच्या दारात वकील जमलेले. एक जुने वकील वारले होते. कित्येक वर्षं ते कोर्टात आले नव्हते, माझ्या पिढीनं तर त्यांना पाहिलंही नव्हतं. रीतीप्रमाणे शोकसभा आणि काम बंद. माझे ज्येष्ठ मला म्हणाले, "अरे, तुझं मराठी चांगलं आहे. ठराव लिही."

मी लिहायला बसलो. 'काळाच्या पडद्याआड गेले' असं लिहिलं. तेवढ्यात न्यायाधीशांचा पेशकार आला आणि माझ्या ज्येष्ठांना हळूच म्हणाला, "साहेब बसलेत. दोन्ही वकील आले तर तुमचं अपील ऐकतील."

मी लेखणी थांबवून ज्येष्ठांकडं बघितलं. त्यांना दादांचं सगळं माहीत होतं. ते माझ्याकडं न बघता पेशकाराला म्हणाले, "अहो, आज मी उभा राहिलो तर उद्या माझ्या शोकाला कोण थांबेल?"

बाकीचे हसले नाहीत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ती आमच्यातली रीतच आहे, आणि तिच्यामागं माया आहे. मी नवा होतो, त्या खोलीतल्या थोड्याच लोकांनी आजवर मला चहाला बोलावलं होतं, आणि माझ्या समाजाचे वकील तिथं बोटावर मोजण्याइतके. माझा बाप मरतोय, असं मी बोलू शकलो असतो. त्याऐवजी मी ठराव पूर्ण केला, वाचून दाखवला आणि सगळ्यांबरोबर मान खाली घालून उभा राहिलो. पुढची तारीख सुट्टीनंतरची मिळाली.

मी गावी गेलो. दादा उशीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "संपलं?"

"नाही. काम बंद होतं. एक जुने वकील वारले."

"मग बरोबर हाय. मानूस गेल्यावर थांबावंच." थोडा वेळ श्वास घेत राहिले. "तू मातीला गेलतास का?"

"नाही."

"आन् बाकीचे?"

"कुणीच गेलं नाही दादा. गाव लांब होतं."

दादा माझ्याकडं बघत म्हणाले, "मग काम कशाला बंद केलं रे?"

मिरगाचं नक्षत्र कोरडं चाललं होतं. कोर्ट उघडायच्या काही दिवस आधी, सकाळी, मायनं चहा आणून ठेवला आणि दादांनी तो घेतला नाही.

मातीला सगळं गाव आलं. बापू आले, टोपी काढून लांब उभे राहिले, आणि शेवटपर्यंत थांबले. मी त्यांच्याकडं पाठ केली.

पेशीच्या दिवशी मी लातूरला गेलो. अपील करणारा मयत झाला हे कळवणारी पुरसीस माझ्याच हातानं लिहिली. मरणाला आपल्याकडं किती शब्द आहेत. गावात 'खपला' म्हणतात, 'गेला' म्हणतात. तहसीलला 'फौत', कोर्टात 'मयत'. शेजारच्या घरातून पत्रिका आली तर 'कैलासवासी', आमच्या पत्रिकेवर 'कालकथित'. मी 'मयत' लिहिलं. न्यायाधीशांनी कागद वाचला. माझं आणि दादांचं आडनाव एकच, ते बघून त्यांनी मान वर केली. मग हळू आवाजात तेच वचन म्हणाले, 'मोरिटुर कम पर्सोना', आणि अपील संपल्याची नोंद करायला सांगितलं. सगळं मिळून एका ओळीचं काम.

बाहेर व्हरांड्यात बापू उभे होते. ते एकटेच आले होते. त्यांनी मला आवाज दिला, "पोरा."

मी थांबलो.

"काय झालं आत?"

"दावा मेला," मी म्हणालो.

"म्हंजे मी जितलो?"

"तुम्ही जिंकला नाहीत, आम्ही हरलो नाही. तो आता नाहीच."

"मग मी बोललो व्हतो ते?"

"ते तसंच राहिलं."

बापू खाली बघत काठी फरशीवर घासत राहिले. मग म्हणाले, "आता केस न्हाई ना? आता बोललं तर चालतं?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. वाटलं, हा माणूस आणखी काही घाण बोलायची परवानगी मागतोय. "चालतं," म्हणालो, "आता काहीही बोला. विचारणारा गेला." आणि स्टँडकडं चालू लागलो. त्या दिवशी परतीच्या एसटीत ते माझ्या मागं दोन सीट सोडून बसले होते. जागा असूनही मी त्यांना शेजारी बोलावलं नाही.

त्याच आठवड्यात दादांचा जलदान विधी होता. आमच्यात माणूस गेल्यावर भंतेजी येतात, वंदना होते, आणि घरचे लोक तांब्यातलं पाणी संथ धारेनं दुसऱ्या भांड्यात सोडतात. गेलेल्याच्या नावानं पुण्य अर्पण करायचं, अशी रीत. नंतर जेवण. आलेल्या माणसांना प्यायला, स्वयंपाकाला, हात धुवायला पाणी लागणार, आणि याही साली गाव टँकरवरच होतं, तो दोन दिवस आला नव्हता. आम्ही चिंतेत होतो. मी अहमदपूरला जाऊन खटपट केली, कुणी उद्या म्हणालं, कुणी परवा.

सकाळी मांडव घालून झाला, लोक जमायला लागले, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी आली. गाडीत दोन टिपाडं, काठोकाठ भरलेली. वर ओलं पोतं टाकलेलं, तरी हिंदकळून चाकोरीत ओल सांडत होती. गाडीपुढं बापू चालत होते. गडी बरोबर नव्हता, कासरा त्यांच्याच हातात होता.

आमची तरणी पोरं उठली. एक म्हणाला, "माघारी न्या. आमाला नको तुमचं पानी." दुसरा म्हणाला, "मेल्यावर आलं व्हय पानी घेऊन?" मला वाटलं आता इथं काही होणार. मी पुढं सरकलो, पण माय माझ्या आधी उठली. पांढऱ्या लुगड्यातली माय मांडवातून बाहेर आली, गाडीच्या दांडीला हात लावून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "केवढ्याला इकलं, बापू?"

बापू म्हणाले, "वैनी, पानी कुनी इकतं का?"

"तुमीच म्हनला व्हता की, इकतेत म्हनून. चावडीपशी. मला वाटलं तुमाला भाव ठावं असंल."

बापूंनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला. मग तो काढून घेतला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला लातूरचा व्हरांडा आठवला. मग ते मायकडं वळले.

"म्हनलो व्हतो," ते म्हणाले. "खोटं म्हनलो. टिपाड भरू दिलं न्हाई त्येचा राग व्हता. त्यानं येक घागर बी इकली न्हाई."

मागं कुणीतरी म्हणालं, "आता म्हनून काय उपेग?"

बापू त्या आवाजाकडं वळून म्हणाले, "दुसऱ्या साली म्हननार व्हतो. वकील म्हनला, तोंडातून शबूद काढू नका, काढला की गुतला. केस हाय तवर म्हनू नका. एसटीत यायचो त्याच्या शेजारी बसून. रोज वाटायचं." त्यांनी टिपाडावरचं पोतं काढलं आणि पोरांना म्हणाले, "उतरवा रे."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी मायकडं बघितलं. माय म्हणाली, "उतरवा. भांडी आपली लावा."

बापू विधीला थांबले, मागं उकिडवे बसून. जेवायला मात्र थांबले नाहीत. टिपाडं तिथंच ठेवून रिकामी गाडी घेऊन गेले. मी तांब्या धरला, मायनं माझ्या हाताला हात लावला आणि आम्ही पाणी सोडलं. तेवढ्या लोकांसमोर ते शब्द बोलले गेले होते. लोक जेवताना तेच बोलत होते. संध्याकाळपर्यंत ते चावडीवर पोचलं. कुठल्याही निकालपत्रानं इतक्या लवकर ते झालं नसतं, हे मला दिसत होतं. आणि तरी मला सुटल्यासारखं वाटलं नाही. कारण आता मला नीट दिसलं होतं. बापूंच्या ओठांवर जे आलं होतं, ते माझ्या दाव्यानं आत कोंडून ठेवलं होतं. दावा मेला तेव्हा ते बाहेर आलं. तो लावलाच नसता, तर दादांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं.

पुष्कळ वर्षांनी, इथं लातूरला बसून, मी ते क्रियापद एका जाड शब्दकोशात शोधलं. मोरिऑर म्हणजे मी मरतो. मोरिटुर म्हणजे तो मरतो. त्यात लिहिलं होतं, की हे क्रियापद माणसासारखंच झाडालाही लागतं, ज्योतीलाही, मावळत्या दिवसालाही. संस्कृतातल्या म्रियतेचं आणि आपल्या मरणाचं ते भावंडच आहे, एका मुळाचं. आणि त्याचं रूप कर्मणी, जणू कुणीतरी त्या माणसाला काही करतंय; अर्थ मात्र कर्तरी, तो स्वतःच करतोय असा. मी पुस्तक मिटून पुन्हा उघडलं, पुन्हा ते पान काढलं. कुणाला कुणी काय केलं, याचा हिशेब मी करत होतो, आणि तो काही जुळत नव्हता. डोळ्यांपुढं बाररूमची ती सकाळ आली: पेशकार दारात उभा होता. ठराव अर्धा लिहून झाला होता. मी मान खाली घातली होती.

जलदानाच्या त्या दिवशी पाहुणे गेल्यावर माय टिपाडात हात घालून खाली किती उरलंय ते बघत होती. तळाशी थोडं होतं. ते तिनं घागरीत काढून घेतलं, झाकण घातलं, आणि मला विचारलं, "झालं का तुझं समाधान?"

"नाही," मी म्हणालो.

"तुझ्या दादांचं झालं असतं," माय म्हणाली, आणि घागर घेऊन आत गेली.